बैठकीला न आलेल्याची चौकशी

कामं आटोपली ना? नसतील आटोपली तरी हरकत नाही, भाकरी थापता थापता ऐका. आज आपण हजेरीबद्दल बोलणार आहोत.

बचत गटात एखादीचा हप्ता चुकला की आपण काय करतो? अध्यक्ष, सचिव आणि आणखी एखादी अशा तिघी त्याच संध्याकाळी तिच्या दारात उभ्या राहतो. काय झालं, पोरगं आजारी आहे का, मजुरी बुडाली का, सगळं विचारतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबाची वही ही पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. त्यामुळे एक जण आली नाही तर ते लगेच लक्षात येतं.

आता दुसरा गट बघा. ग्रामसंघाच्या बायकांनी उभा केलेला व्यसनमुक्तीचा आधारगट. शनिवारी संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात बसतो. दारू सोडलेली दहा-बारा माणसं, कुणाची बायको, कुणाची आई. त्यातला एक भाऊ चार महिने न चुकता येत होता. एका शनिवारी आला नाही. दुसऱ्या शनिवारीही नाही. तिसऱ्या शनिवारी कुणीतरी हळूच म्हणालं, "सुरू झाली असेल त्याची परत." सगळ्यांनी मान हलवली आणि बैठक पुढे सुरू झाली.

पाचशे रुपयांचा हप्ता चुकला तर आपण घरी जातो, आणि चार महिने दारूपासून लांब राहिलेला माणूस दिसेनासा झाला तर मान हलवतो. गेली काही वर्षं गटांबरोबर काम करताना मी हे अनेक गावांत पाहिलं आहे. कुणी वाईट हेतूनं करत नाही. आपल्याला वाटतं, त्याला यायचं असतं तर आला असता. पण व्यसनात तसं नसतं. ते कसं, हे आज समजून घेऊ.

गट कशाला लागतो?

दारू सोडणं आणि दारू सोडलेलं राहणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम दवाखान्यात किंवा केंद्रात काही दिवसांत होतं. दुसरं काम गावात, घरात, त्याच रस्त्यावर, त्याच मित्रांमध्ये राहून वर्षानुवर्षं करायचं असतं. ते एकट्याच्यानं होणं फार अवघड, म्हणून गट.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव तुम्ही ऐकलं असेल. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केलं. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्यासाठी मोठी मदत केली होती. तिथे उपचार घेऊन घरी गेल्यावर माणसाचं नाव वहीतून खोडत नाहीत. पाठपुराव्याला येत राहा, असं सांगतात. पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. घरी गेल्यानंतरचा काळच कसोटीचा असतो, हे या कामातल्या माणसांना पक्कं ठाऊक असतं.

जगभर पसरलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या बैठका आपल्याकडेही बऱ्याच शहरांत आणि तालुक्यांच्या गावी होतात. तिथे फी नसते, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. या एएची सुरुवात कशी झाली, ते आजच्या विषयाशी फार जवळचं आहे.

१९३५ साल. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात बिल विल्सन नावाचा माणूस धंद्याच्या कामासाठी आला होता. त्याची दारू काही महिन्यांपूर्वीच सुटली होती. काम फिसकटलं, आणि परत प्यावीशी वाटायला लागली. तेव्हा त्यानं दारूच्या गुत्त्याऐवजी दुसरा दारुडा शोधला, म्हणजे बोलायला कुणीतरी मिळेल. मिळाले डॉ. बॉब स्मिथ, त्याच गावचे सर्जन. दोघं तासन् तास बोलले. डॉक्टरांनी दारू सोडली. बिल त्यांच्याच घरी राहायला गेला.

मग काही आठवड्यांनी डॉक्टर एका वैद्यकीय परिषदेसाठी बाहेरगावी गेले आणि वाटेतच प्यायला लागले. काही दिवस त्यांचा पत्ताच नव्हता. घरी त्यांची बायको अ‍ॅन आणि बिल वाट बघत बसलेले. डॉक्टर परत आले ते पार ढासळलेल्या अवस्थेत. बिलनं आणि अ‍ॅननं त्यांना सांभाळलं, दारू उतरेपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिले. त्यानंतर डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी. पुढे १९५० साली ते वारले, तोपर्यंत थेंबाला शिवले नाहीत आणि असंख्य दारुड्यांना त्यांनी सावरलं. एए आपला स्थापनादिवस मानते तो हाच, १० जून.

म्हणजे बघा मैत्रिणींनो, एएमधला दुसराच सभासद गायब झाला होता. त्या दोघांनी तेव्हा "सुरू झाली असेल त्याची परत" म्हणून दार लावून घेतलं असतं, तर पुढे काय झालं असतं?

माणसं गटातून का गळतात?

सगळे एकाच कारणानं जात नाहीत. निदान सहा कारणं मला दिसतात.

पहिलं, कामधंदा. ऊसतोडीला गेला, पुण्या-मुंबईला कंपनीत लागला, रात्रपाळी आली. तो बरा असतो, फक्त इथे नसतो.

दुसरं, बरं वाटायला लागणं. सहा महिने झाले, चेहऱ्यावर तेज आलं, घरात पैसा दिसायला लागला. "आता मला काय गरज?" असं वाटतं. यातले काही खरंच चांगले राहतात. काहींना ती गरज पुन्हा पडते, पण आधी "गरज नाही" असं म्हणून गेल्यामुळे परत यायला संकोच वाटतो.

तिसरं, गटातच काहीतरी लागलेलं असतं. बैठकीत सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर ऐकू आली. किंवा कुणी सगळ्यांसमोर टोमणा मारला. असा माणूस कारण सांगत नाही, येणं बंद करतो.

चौथं, घर. नवरा-बायकोचं बिनसलं, भावकीचा वाद पेटला, कर्जवाला दारात आला, पीक गेलं. डोक्यात एवढं असताना व्हरांड्यात जाऊन बसायचं त्राण राहत नाही.

पाचवं, पाय घसरणं. लग्नात, यात्रेत, निवडणुकीत, पोळ्याला एक घोट घेतला. आणि आता तोंड दाखवायची लाज वाटते.

सहावं कारण सांगताना जड जातं. काही माणसं दगावलेली असतात. अपघात, यकृताचा आजार, फास. गटाला ते पंधरा दिवसांनी कळतं.

बाहेरून या सहाही जागा सारख्याच रिकाम्या दिसतात. हजेरीच्या वहीत सगळ्यांपुढे तीच फुली असते. आपण मात्र सहाही जणांना पाचव्यात ढकलून मोकळे होतो. आणि जो खरंच पाचव्यात आहे, त्याला तर विचारपूस सगळ्यात जास्त हवी असते.

एक घोट आणि त्यानंतरची लाज

हा पाचवा मुद्दा नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख इथे आहे.

व्यसन हा दीर्घकाळचा आजार आहे, साखरेसारखा, बीपीसारखा. उपचार घेतलेल्या शंभर जणांपैकी साधारण चाळीस ते साठ जणांचं व्यसन कधी ना कधी उलटतं, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेनं म्हटलं आहे. बीपी आणि दम्याच्या रुग्णांचा आजार उलटण्याचं प्रमाणही जवळपास तेवढंच, किंबहुना थोडं जास्तच आहे, असंही ती सांगते. आपल्या सासूबाईंची साखर वाढली तर आपण त्यांना "तुमचं काही खरं नाही" म्हणून सोडून देत नाही. गोळी बदलतो, गोड कमी करतो, पुन्हा डॉक्टरांकडे नेतो.

व्यसनमुक्तीच्या कामात दोन शब्द वापरतात. एकदा पाय घसरला तर ती 'स्लिप'. पुन्हा पूर्वीसारखं रोजचं सुरू झालं तर 'रिलॅप्स'. स्लिप आणि रिलॅप्स यांच्यामध्ये काही दिवस असतात. त्या दिवसांत माणसाला कुणी भेटलं का, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

अ‍ॅलन मार्लट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं याचा बराच अभ्यास केला. त्याचं म्हणणं साध्या भाषेत असं. दारू सोडलेला माणूस एकदा प्याला की त्याच्या मनात विचार येतो, "झालं! मी मोडलं. माझ्यात दमच नाही. आता काय राहिलं?" त्या अपराधीपणाचा त्रास एवढा होतो की तो विसरायला माणूस पुन्हा पितो. पहिला घोट तल्लफेनं घेतलेला असतो, पुढचे पुष्कळसे लाजेनं.

आपल्या गटांत दिवस मोजायची पद्धत आहे. शंभर दिवस झाले की टाळ्या, वर्ष झालं की वाढदिवस, हार, पेढे. पद्धत चांगली आहे, त्यानं उभारी येते. पण दोनशे दिवसांवर ज्याचा पाय घसरला, त्याच्या जागी राहून बघा. परत आलं तर सगळ्यांसमोर सांगायचं, "आज माझा पहिला दिवस." ज्या बायकांनी हार घातला, त्याच समोर बसलेल्या. त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं त्याला वाटतं. म्हणून गटात हे आधीच, सगळे हजर असताना, पुन्हा पुन्हा सांगून ठेवायला हवं: ज्याचा पाय घसरेल त्यानं पुढच्या बैठकीला आवर्जून यायचं. दोनशे दिवस वाया गेलेले नाहीत. दोनशे दिवस लिव्हरला विश्रांती मिळाली, पोरांना बाप मिळाला, आणि त्याला राहता येतं हे त्याला कळलं.

जे त्याचं, तेच त्याच्या बायकोचंही. नवरा पुन्हा प्यायला लागला की बायकांच्या बैठकीत ती यायची बंद होते. "सगळ्यांना सांगितलं होतं सुधारले म्हणून, आता काय तोंड दाखवू?" खरं तर तिला आता जास्त आधार हवा. घरच्यांसाठीचा अल-अ‍ॅनॉन हा गट १९५१ साली बिल विल्सनच्या बायकोनं, लोईसनं, सुरू केला. तिचा नवरा तेव्हा कितीतरी वर्षं पीत नव्हता, तरी घरच्यांचं दुखणं वेगळं असतं हे तिनं ओळखलं होतं. म्हणून नवरा येवो न येवो, पीत असो नसो, बायकोनं आपल्या गटाला येत राहावं. तिची हजेरी त्याच्या बाटलीला बांधलेली नसावी.

उशीर केला तर काय होऊ शकतं?

घाबरवायला सांगत नाही, पण माहीत असावं.

काही महिने दारू बंद असली की शरीराची सवय मोडते. पूर्वी जेवढी पचत होती, तेवढीच एकदम घेतली तर आता ती जास्त चढते. माणूस बेशुद्ध पडू शकतो, उलटी घशात अडकू शकते. ब्राऊन शुगरसारख्या नशेत तर हा धोका जिवावरच बेततो.

दुसरा धोका याच्या उलट. पुन्हा रोजची सुरू झाली असेल आणि बायको चिडून म्हणाली, "आजपासून एक थेंब नाही," तर तेही घातक ठरू शकतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक बंद केली की काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, तापानं फणफणतात, बरळतात. गावात याला बाहेरचं समजून देवऋषाकडे नेतात. ही दवाखान्यात न्यायची वेळ आहे, १०८ ला फोन करायची. दारू सोडवायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

तिसरी गोष्ट, जेवणातून गुपचूप गोळी. "त्यांना न कळता भाजीत घाला, दारू सुटेल," अशा जाहिराती असतात. दारूचा तिटकारा आणणारी डायसल्फिराम नावाची गोळी डॉक्टर काही रुग्णांना त्यांना सांगून, तपासून देतात. न सांगता दिली आणि वर तो प्याला, तर उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली जाणं, असं काहीही होऊ शकतं. जीव जाऊ शकतो. हे कुणीही करू नका.

आणि चौथी. पुन्हा प्यायला लागलेल्या माणसाच्या मनात "मरून जावं" असं येणं दुर्मीळ नाही. तसं वाटत असल्याची शंका आली तर सरळ विचारा, "दादा, जिवाचं काही बरं-वाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उलट कुणीतरी ओळखलं म्हणून माणूस मोकळा होतो. "हो" म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध, दोर, जे हाताशी असेल ते बाजूला करा आणि १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन लावा. तो दिवसरात्र चालू असतो.

नुसत्या विचारण्यानं काय होतं?

तुम्ही म्हणाल, आम्ही काय डॉक्टर आहोत? जाऊन करणार काय? इथे मी तुम्हाला दोन जुने प्रयोग सांगते.

सॅन फ्रान्सिस्कोला डॉ. जेरोम मोट्टो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. १९७० च्या आसपासची गोष्ट. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारामुळे रुग्णालयात राहून गेलेल्या सुमारे तीन हजार लोकांपैकी ८४३ जणांनी पुढचे उपचार नाकारले किंवा मधेच सोडले. म्हणजे हेच आपले गळालेले. त्यातल्या साधारण निम्म्या लोकांना डॉक्टरांच्या माणसांनी पत्रं पाठवली. छोटी, दोन-चार ओळींची. तुम्ही कसे आहात, तुमची आठवण आहे, वाटलं तर कळवा, एवढाच मजकूर. उपचाराला या असा आग्रह नाही, कसली विचारणा नाही. पाच वर्षांत एकेकाला २४ पत्रं. पत्र मिळालेल्यांमध्ये पहिल्या दोन वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण पत्र न मिळालेल्यांपेक्षा कमी राहिलं. हा प्रयोग व्यसनावरचा नव्हता, पण उपचार सोडून गेलेल्या माणसाला काय पोचतं हे त्यातून कळतं.

दुसरा प्रयोग व्यसनावरचाच, अमेरिकेतल्या बोस्टन शहरातला, १९६० च्या दशकातला. दारूसाठी एकदा दवाखान्यात येऊन गेलेल्या काही जणांना दवाखान्यानं आपुलकीचं पत्र पाठवलं, काहींना नाही. पुढच्या प्रयोगात काहींना फोन केला, काहींना नाही. ज्यांना पत्र किंवा फोन गेला, त्यांच्यातले जास्त जण उपचाराला परत आले. एक पत्र, एक फोन. एवढंच.

यात डॉक्टरी काही नाही. "तू आमच्या लक्षात आहेस" हे त्या माणसापर्यंत पोचवायचं. हे काम आपण हप्त्याच्या निमित्तानं रोज करतोच.

विचारपूस कशी करायची?

आता कामाचं बोलू. हे लिहून घ्या, वहीत चिकटवा.

गटात येतानाच प्रत्येकाला विचारून ठेवा: "तुम्ही आला नाहीत तर आम्ही विचारायला येऊ का? कुणी यायचं? फोन कुणाच्या नंबरवर करायचा?" त्यानं आधी होकार दिलेला असेल तर नंतर दारात गेल्यावर ती पाळत वाटत नाही.

एक बैठक चुकली तर दुसऱ्याच दिवशी फोन किंवा निरोप. दोन चुकल्या तर आठवड्याच्या आत घरी जायचं. "बघू पुढच्या वेळी" म्हणायचं नाही.

जाताना दोघांनीच जा. पुरुष सभासदाकडे गटातला दारू सोडलेला पुरुष गेला तर उत्तम, कारण त्यानं ते भोगलेलं असतं. बायकोला भेटायला आपण बायकांनी जायचं. पाच-सहा जणींचा घोळका नेऊ नका, सगळी आळी गोळा होते. सकाळी जा, तो शुद्धीत असताना. प्यालेला असेल तर बोलत बसू नका, "उद्या येतो" म्हणून निघा. घरात मारहाण चालू असेल तर मध्ये पडू नका, ११२ ला फोन करा. बाईसाठी १८१ हा क्रमांकही आहे.

काय बोलायचं? "दादा, दोन शनिवार दिसला नाहीत, आठवण झाली म्हणून आलो. तब्येत बरी ना?" आणि गप्प राहा. त्याला बोलू द्या. तो बोलला नाही तर हवापाण्याचं बोला, चहा घ्या.

काय बोलायचं नाही? "घेतलीत का परत?" हे पहिलं वाक्य नको. "एवढं समजावलं होतं" नको. "पोराबाळांकडे तरी बघा" नको. ते त्याला तुमच्याआधी दहा जणांनी ऐकवलेलं असतं.

निघताना एक गोष्ट सांगायची: "शनिवारी आम्ही तिथेच आहोत. आलात तर बरं वाटेल, नाही आलात तर पुन्हा येऊन जाऊ." मग खरंच पुन्हा जा. महिन्यानं, दोन महिन्यांनी.

गावाबाहेर गेलेल्याला महिन्यातून एक फोन. शक्य असेल तर तो जिथे गेला तिथल्या एएच्या बैठकीची माहिती काढून द्या.

बैठकीत परत येऊन काय सांगायचं? फक्त "भेट झाली, खुशाल आहेत," किंवा "भेट झाली, थोडा वेळ लागेल." त्यानं तुम्हाला जे सांगितलं ते त्याचं आहे. तिसऱ्या कारणात आपण पाहिलंच, गोष्ट गिरणीवर गेली की माणूस जातो, आणि त्याच्याबरोबर ऐकणारे आणखी दोघं जातात.

मोबाइलवरचा गट

कोरोनात बैठका बंद पडल्या तेव्हा बऱ्याच ठिकाणी त्या मोबाइलवर सुरू झाल्या. अजूनही अनेक आधारगटांचा व्हॉट्सअ‍ॅप गट असतो. त्याचा उपयोग आहे, रात्री अकरा वाजता तल्लफ आली तर तिथे लिहिता येतं. पण तिथून माणूस गळतो ते कळतही नाही. रोज फुलांचे फोटो आणि सुविचार येत राहतात, आणि त्या गर्दीत कोण गप्प झालं हे ध्यानात येत नाही. कुणी गट सोडला तर त्याची बारीक ओळ फक्त अ‍ॅडमिनला दिसते, आणि तीही वर सरकून जाते.

म्हणून एक जण नेमा. तिनं किंवा त्यानं आठवड्यातून एकदा बघायचं, कोण बोललं नाही, कोण बाहेर पडलं. त्याला गटावर सगळ्यांसमोर "कुठे आहात?" विचारायचं नाही. स्वतंत्र फोन करायचा. आणि न विचारता परत गटात ओढायचं नाही. तो पुन्हा बाहेर पडतो, आणि मग फोनही उचलत नाही.

बाईचं व्यसन

एक गोष्ट आपण बोलायला कचरतो. व्यसन बाईलाही असतं. मिश्री, तंबाखू, काही ठिकाणी दारू, कुठे झोपेच्या गोळ्या. पुरुष प्याला तर "बिचारा वाईट संगतीला लागला," आणि बाई प्यायली तर तिच्या चारित्र्यावर बोट. म्हणून बाईला गटात यायलाच फार धाडस लागतं, आणि एकदा ती गेली की परत येणं पुरुषाहून अवघड. तिच्या घरी कुणी विचारायला गेलं तर सासरच्यांना कळेल याचीही भीती असते.

तिच्याबाबत वेगळी वाट काढा. बचतीच्या वहीचं निमित्त करून जा, शेतात गाठा, अंगणवाडीत भेटा. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी वेगळा विभाग आहे, तो माहीत असू द्या. तंबाखू, मिश्री सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. दारू आणि इतर नशेसाठी १४४४६. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं.

ज्याला खरंच यायचं नाही

एवढं करूनही काही जण येणार नाहीत. कुणाला गटाची पद्धत पटत नाही. कुणी देवळात, वारीत, कुस्तीच्या तालमीत आपला आधार शोधतो. कुणी डॉक्टरांच्या औषधावर चांगला राहतो. त्यांना ओढू नका. एकदा भेटून ते खुशाल आहेत एवढं कळलं की आपलं काम झालं. "गट सोडला म्हणजे बुडाला" असं म्हणत राहिलो, तर जो बरा आहे तो दुखावतो, आणि बुडणारा ते खरं मानून बसतो.

काही जण अजून पीत असतील आणि दार लावून घेतील. त्यांच्यासाठी आपण घरदार, जीव धोक्यात घालायचा नाही. दर दोन महिन्यांनी एक निरोप, एवढंच करत राहायचं. त्याची दारू सोडवणं आपल्या हातात नाही. त्याला परत यावंसं वाटेल त्या दिवशी इथे त्याला नावानं ओळखणारं कुणीतरी असेल, एवढं मात्र आपल्याला करता येतं.

येत्या बैठकीसाठी

मैत्रिणींनो, तुमच्या गावात आधारगट असेल तर येत्या बैठकीत गेल्या वर्षाची हजेरीची वही उघडा. ज्यांची नावं मधेच थांबली, त्यांची यादी करा. प्रत्येक नावापुढे लिहा: कुठे आहे, कसा आहे, शेवटचं कोण भेटलं. ज्या नावापुढे काहीच लिहिता येणार नाही, त्या घरी आधी जायचं. कुणी जायचं आणि कोणत्या दिवशी, तेही तिथेच ठरवा आणि इतिवृत्तात नोंदवा, म्हणजे राहून जाणार नाही.

आधारगट नसेल तर आपल्या बचत गटापासून सुरुवात करा. आपल्यातली कुणी, घरात बाटली शिरली म्हणून, बैठकीला यायची थांबली आहे का? तुम्हाला ती ठाऊक असेल. उद्या तिच्याकडे जाऊन या. हप्त्याचं काही काढू नका, आणि चहा पाजला तर नाही म्हणू नका.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.